बाटलीतली निलगिरी आणि आपल्या धुऱ्यावरची निलगिरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडू लागली की नागपुरात घरोघरी निलगिरीच्या तेलाची बाटली बाहेर निघते आणि त्याच सुमारास मोबाइलवर सल्ले फिरू लागतात. अंगणातल्या निलगिरीची पाने उकळून प्या, पाला जाळून धूर करा, चमचाभर मधात तेलाचे थेंब टाकून लेकराला चाटवा. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण निलगिरी म्हणजे एकच झाड आणि त्यातले औषध म्हणजे एकच द्रव्य, असे त्यात गृहीत धरलेले असते. ही दोन्ही गृहीतके चुकीची आहेत. त्यातली दुसरी चूक तर एखाद्या लहान मुलाला आकडी येण्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी झाडाबद्दल. युकॅलिप्टसच्या सातशेहून अधिक जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या. भारतात हे झाड १७९० च्या सुमारास टिपू सुलतानाच्या काळात म्हैसूर राज्यातल्या नंदी टेकड्यांवर लागले असे मानले जाते. पुढे १८४३ पासून निलगिरी पर्वतावर जळणासाठी त्याची लागवड झाली आणि त्या डोंगराचेच नाव आपल्याकडे झाडाला चिकटले. त्या डोंगरावरची जात युकॅलिप्टस ग्लोब्युलस. औषधी तेलाचा जो लौकिक आहे तो मुख्यतः तिचा. तिला थंड, दमट डोंगरी हवा लागते. आपल्या मे महिन्यात ती तग धरत नाही.

विदर्भात शेतांच्या धुऱ्यांवर म्हणजे बांधांवर, रस्त्यांच्या कडेला, संस्थांच्या आवारात आणि बल्लारपूरकडे कागदाच्या लगद्यासाठी जी लावली गेली ती प्रामुख्याने टेरेटिकॉर्निस, म्हणजे 'म्हैसूर गम' नावाने आलेला तिचा संकर, आणि कॅमाल्डुलेन्सिस किंवा या दोन्हींपासून केलेले क्लोन. तिसरी जात बागांमध्ये दिसते ती लिंबू-निलगिरी. वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये तिला युकॅलिप्टसमधून काढून कोरिंबिया या वेगळ्या प्रजातीत टाकले, तरी बाजारात ती निलगिरीच आहे.

ओळखायला सोपे आहे. पान चुरगळून नाकाशी न्यावे. गवती चहा किंवा सिट्रोनेलासारखा लिंबाचा वास आला आणि खोड गुळगुळीत, पांढरट-गुलाबी, हाताला भुकटी लागल्यासारखे वाटले तर ती लिंबू-निलगिरी. कापरासारखा, पण बराच मंद वास, सालीचे पट्टे सुटलेले आणि कळीची टोपी शिंगासारखी लांब निमुळती, तर टेरेटिकॉर्निस. टोपी आखूड आणि चोचीसारखी असेल तर बहुधा कॅमाल्डुलेन्सिस. ग्लोब्युलसची कळी मोठी, खडबडीत, पांढुरक्या मेणाची असते आणि पानाच्या बगलेत सहसा एकटी येते. नागपुरात ती शोधू नये, सापडणार नाही.

आता द्रव्यांकडे वळू. निलगिरीच्या पानात तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. पान उजेडासमोर धरले तर त्या बारीक पारदर्शक ठिपक्यांसारख्या दिसतात. पाण्याच्या वाफेबरोबर जे उडून येते ते या ग्रंथींतले. ग्लोब्युलसमध्ये त्याचा मुख्य घटक १,८-सिनिओल, म्हणजेच युकॅलिप्टॉल. १८७० मध्ये फ्रान्सच्या क्लोएझ यांनी हे नाव दिले. युरोपीय औषधसंहितेनुसार औषधी तेलात हे किमान ७० टक्के हवे. आपल्याकडच्या टेरेटिकॉर्निस आणि कॅमाल्डुलेन्सिसमध्ये मात्र भरवसा नसतो. काही झाडांत सिनिओल भरपूर, काहींत पायनीन, पॅरा-सायमीन किंवा फेलँड्रीन वरचढ. एकाच रांगेतल्या बियाण्यापासून वाढवलेल्या दोन झाडांचे तेल वेगळे निघू शकते, कारण हा गुण वंशातून येतो. फेलँड्रीन जास्त असलेले तेल औषधी मानले जात नाही. जुन्या औषधसंहितांत ते हुडकण्यासाठी सोडियम नायट्राइटची स्वतंत्र चाचणीच दिलेली आहे. लिंबू-निलगिरीत तर सिनिओल नगण्य असते आणि तेलाचा सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग सिट्रोनेलाल असतो. सर्दीसाठी ही पाने उकळणारा माणूस वास घेऊन समाधानी होतो, पण ज्या द्रव्यासाठी तो हे करतो ते त्या भांड्यात नसतेच.

पानातली दुसरी फळी वाफेबरोबर उडत नाही, आणि लोकप्रिय लेखांत तिच्याबद्दल जवळजवळ काहीच येत नाही. गरम पाण्यात उतरतात ती टॅनिन, गॅलिक आणि एलॅजिक आम्ले, क्वेर्सेटिनसारखी फ्लॅव्होनॉइड्स. अल्कोहोलात उतरतात ती मॅक्रोकार्पल, युग्लोबल आणि सायडेरॉक्सिलोनल ही फ्लोरोग्लुसिनॉल गटातली संयुगे, जी जवळपास निलगिरीचीच ओळख म्हणावीत. प्रयोगशाळेत मॅक्रोकार्पल काही जिवाणूंवर, विशेषतः दात आणि हिरड्या बिघडवणाऱ्या जिवाणूंवर परिणामकारक ठरली आहेत. जपानमध्ये निलगिरीच्या अर्काचे च्युइंगगम देऊन हिरड्यांवर झालेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियात कोआला आणि पोसम हे प्राणी सायडेरॉक्सिलोनल जास्त असलेली झाडे ओळखून टाळतात, म्हणजे झाडाने हे खाणाऱ्याला दूर ठेवण्यासाठीच घडवले आहे. सालीच्या मेणात अर्सोलिक आणि बेट्युलिनिक आम्लांसारखी ट्रायटर्पीन असतात. तीही ना वाफेवर येतात, ना पाण्यात उतरतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा की काढा, तेल आणि अर्क ही तीन वेगळी औषधे आहेत. एकावर झालेल्या संशोधनाचा दाखला दुसऱ्यासाठी देता येत नाही. उघड्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पंधरा मिनिटे पाला उकळला की सिनिओल वाफेबरोबर स्वयंपाकघरात निघून जाते आणि गंजात उरते ते तुरट, तपकिरी, टॅनिनयुक्त पाणी. ते रिकाम्या पोटी घेतले तर मळमळते आणि जेवणासोबत घेतले तर अन्नातले लोह अडवते. आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय इतका असताना रोज काढा पिण्याचा सल्ला देताना याचा विचार व्हायला हवा. युरोपात ग्लोब्युलसच्या पानांचा चहा प्रौढांच्या सर्दी-खोकल्यासाठी पारंपरिक वापर म्हणून मान्य आहे, पण तिथे पानांची जात आणि तेलाचे प्रमाण तपासून मगच ती विकली जातात. धुऱ्यावरून तोडलेल्या, कदाचित शेजारच्या कपाशीवरची फवारणी अंगावर घेतलेल्या पाल्याला ती मान्यता लागू होत नाही.

सिनिओल गुणकारी आहे, यात शंका नाही. नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहींना ते जागे करते, त्यामुळे श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. शिवाय दाह वाढवणारे काही संदेशक ते कमी करते. जर्मनीत २००३ मध्ये स्टेरॉइडवर अवलंबून असलेल्या ३२ दमेकऱ्यांना रोज तीन वेळा २०० मिलिग्रॅम सिनिओल कॅप्सूलमधून १२ आठवडे दिले, तेव्हा औषध मिळालेल्या गटाचे स्टेरॉइड अधिक कमी करता आले. पण हे शुद्ध सिनिओल होते, मोजलेले होते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले होते. दिवसाचे ते ६०० मिलिग्रॅम म्हणजे जेमतेम पाऊण मिलीलिटरच्या आत. घरातला चहाचा चमचा ५ मिलीलिटरचा असतो. हा फरक प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावा, कारण बाटलीतले तेल २-३ मिलीलिटर पोटात गेले तरी मुलाला गुंगी येऊ शकते आणि ५ मिलीलिटरपर्यंत गेले तर बेशुद्धी, आकडी, श्वास मंदावणे इथपर्यंत वेळ येऊ शकते. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी निलगिरी आणि कापराच्या तेलांमुळे, नुसत्या हुंगण्याने वा चोळण्यानेही, आकडी आल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. घरात कुणाला फेफरे असेल तर ही बाटली नकोच.

अपघात होतो तो बहुतेक एकाच प्रकाराने. खोकल्याच्या औषधाची बाटली आणि तेलाची बाटली शेजारी ठेवलेली असते, रात्री अर्धवट झोपेत चमचा भरला जातो. असे झाले तर उलटी करवू नये. तेल पातळ असते, उलटीबरोबर फुप्फुसात शिरते आणि तिथे रासायनिक न्यूमोनिया होतो. बाटली सोबत घेऊन १०८ ची गाडी बोलवावी किंवा थेट मेडिकल, मेयो अशा मोठ्या रुग्णालयात जावे. मूल खेळते आहे म्हणून घरी थांबू नये, लक्षणे बहुधा अर्ध्या तासात दिसतात पण उशिराही येऊ शकतात.

वाफाऱ्याची पद्धतही नीट सांगतो. चूल किंवा गॅस बंद करून गंज खाली घ्यावा, दोन-तीन मिनिटे थांबावे, मग एक लिटर पाण्यात दोन, फार तर तीन थेंब. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते आणि पहिल्याच मिनिटाला जवळजवळ सगळे एकदम उडते. दहा थेंब टाकणाऱ्याला म्हणूनच डोळ्यांची आग आणि ठसका मिळतो; दमेकऱ्याची श्वासनलिका अशा वेळी आवळूही शकते. डोळे मिटलेले, तोंड भांड्यापासून हातभर दूर, पाच मिनिटे. लहान मुलांना उकळत्या पाण्याजवळ बसवूच नये. त्यांच्या बाबतीत तेलापेक्षा गंज उलटून भाजण्याचा धोका मोठा. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाला, छातीला, रुमालालाही हे तेल लावू नये.

अंगाला चोळायचे तर ३० मिलीलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात निलगिरीचे तेल अर्धा मिलीलिटर. थेंब मोजू नयेत, प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो. सुई काढलेली सिरिंज वापरावी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे खोबरेल गोठते आणि गोठलेल्या तेलात निलगिरी एकसारखी मिसळत नाही, एखाद्या जागी नुसती तीच लागून कातडी भाजते. त्या दिवसांत तिळाचे तेल घ्यावे.

बाटली खरी की भेसळीची, याची घरगुती पातळीवर एक सोपी चाचणी आहे. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून चोवीस तास ठेवावा. तेलकट डाग राहिला तर त्यात खनिज किंवा खाद्य तेल आहे. टर्पेंटाइन मात्र या चाचणीत सुटून जाते, कारण तेही उडून जाते. त्यासाठी वजन करावे. चांगल्या औषधी तेलाचे १० मिलीलिटर २० अंश तापमानाला साधारण ९.०६ ते ९.२५ ग्रॅम भरते. टर्पेंटाइनचे तेवढेच माप सुमारे ८.६. सोनाराकडचा ०.०१ ग्रॅमचा काटा पुरतो. नागपुरात तापमानाची दुरुस्ती विसरू नये: दर दहा अंशांमागे १० मिलीलिटरला अंदाजे ०.०८ ग्रॅम वजा होते. मे महिन्यात दुपारी वजन करून चांगल्या तेलाला भेसळीचे ठरवणे सहज शक्य आहे. महाविद्यालयात सोय असेल तर ७० टक्के इथेनॉल घ्यावे. पाचपट इथेनॉलमध्ये शुद्ध तेल स्वच्छ विरघळते, टर्पेंटाइनमुळे ते गढूळ होते. सॅनिटायझर यासाठी चालत नाही.

साठवण आपल्या हवेत खास जपावी लागते. या तेलाचा भडका घेण्याचा बिंदू सुमारे ४९ अंश आहे. पत्र्याच्या खोलीत, बंद मोटारीत, स्लॅबखालच्या माळ्यावर आपल्याकडे मे महिन्यात तेवढे तापमान सहज होते. देवघरातल्या दिव्याजवळ, गॅसजवळ बाटली ठेवू नये. गडद काचेची, गळ्यापर्यंत भरलेली, लहान बाटली हवी. अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेने पायनीन आणि लिमोनीन ऑक्सिडीकृत होतात, तेल घट्ट होऊ लागते आणि असे जुने तेल कातडीला जास्त चावते. थर्मोकोल यात विरघळते, ड्रॉपरचे रबर फुगते. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत हे तेल टाकण्याची सवय काही घरांत आहे, तीही थांबवावी. ते पाण्यावर तरंगत राहते, पंप खालून पाणी ओढतो, आणि जे ताट्यांपर्यंत पोहोचते ते रात्रभर झोपलेल्या माणसांच्या, त्यांत लेकरांच्याही, श्वासात मोजमापाशिवाय जात राहते.

डासांबद्दल. डेंग्यूच्या दिवसांत लिंबू-निलगिरीची रोपे मागितली जातात. रोप लावल्याने डास पळत नाहीत, कारण पान चुरगळल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. साधे लिंबू-निलगिरी तेल लावले तरी सिट्रोनेलाल लवकर उडून जाते. खरे काम करते ते पॅरा-मेंथेन-३,८-डायॉल, थोडक्यात पीएमडी. चीनमध्ये लिंबू-निलगिरीचे तेल काढून उरलेल्या चोथ्यात ते सापडले, आणि आज सिट्रोनेलालवर आम्लाची क्रिया करून ते बनवतात. ते कमी उडते म्हणून काही तास टिकते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने शिफारस केलेल्या डासरोधकांत ते आहे, मात्र तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. खरेदी करताना वेष्टनावर पीएमडीचे प्रमाण लिहिले आहे का ते पाहावे. नुसते 'निलगिरीयुक्त' लिहिलेले पुरत नाही.

तोडणीनंतर शेतात पडून राहणाऱ्या पाल्यापासून तेल काढावे, असे अनेक शेतकऱ्यांच्या आणि बचत गटांच्या मनात येते. कल्पना चांगली आहे, फक्त हिशेब आधी करावा. टेरेटिकॉर्निसच्या १०० किलो ताज्या पाल्यातून अर्धा ते एक लिटर तेल आले तरी बरे म्हणायचे. पेन्सिलीहून जाड फांद्या आधी छाटाव्यात. त्या भट्टीची जागा खातात आणि तेल देत नाहीत. पाला एक दिवस सावलीत सुकवावा, उन्हात कधीच नाही. भट्टी स्टेनलेस स्टीलची. लोखंडात फेनॉलमुळे रंग काळवंडतो. पाला पाण्याच्या वर जाळीवर हवा, तळाला टेकला की करपतो आणि तो वास तेलातून जात नाही. सैल भरला तर वाफ फटीतून सरळ निघून जाते, ठासला तर वर चढत नाही. सिनिओलचा मोठा भाग पहिल्या तासात येतो; एकूण दोन-तीन तासांपुढे जळण वाया जाते.

सगळ्यात जास्त घोटाळा आपल्याकडे थंडाव्यात होतो. उन्हाळ्यात टाकीचे पाणीच चाळीस अंशांचे असते, त्यामुळे कंडेन्सरमधून, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळीतून, तेल गरम बाहेर येते आणि डोळ्यांदेखत उडून जाते. बाहेर पडणारी धार हाताला कोमटही लागता कामा नये. म्हणून भट्टी हिवाळ्यात किंवा पहाटे लावावी. तेलाखालचे पाणी फेकू नये, लिटरमागे सुमारे साडेतीन ग्रॅम सिनिओल त्यात विरघळलेले राहते. तेच पाणी पुढच्या घाण्यात परत घालावे. तेल वेगळे केल्यावर निर्जल सोडियम सल्फेटने पाणी शोषून घ्यावे, नाहीतर ते गढूळ राहते. कच्च्या तेलात आयसोव्हॅलेराल्डिहाइड असते, त्याने खोकला येतो. शुद्धीकरण झाल्याशिवाय असे तेल औषध म्हणून विकू नये. ते फरशी पुसायला, साबणाला चालेल. गोळा करायचे भांडे जाळापासून भिंतीआड ठेवावे.

चोथा आणि गळलेला पाचोळा जाळण्याऐवजी कुजवता येतो, पण घाई चालत नाही. मेण आणि टॅनिन असल्याने तो सावकाश कुजतो. बारीक करून तीन-चार आठवडे उघड्यावर भिजवत ठेवावा, म्हणजे उरलेले तेल उडते आणि फेनॉल धुऊन जातात. मग एक भाग पाचोळ्याला दोन-तीन भाग हिरवा कचरा आणि शेणकाला, दर पंधरा दिवसांनी उलथापालथ. सहा महिने धरून चालावे. ताजा पाला गांडूळखताच्या खड्ड्यात टाकू नये. खत तयार झाले का हे रंगावरून ठरवू नये. त्याच्या पाण्यात आणि साध्या पाण्यात मुगाचे दहा-दहा दाणे भिजवावेत. खताच्या पाण्यातले कोंब आखूड राहिले तर आणखी महिनाभर थांबावे.

आमच्या तीन मागण्या आहेत. महापालिकेच्या उद्यान विभागाने सार्वजनिक जागांतल्या निलगिरीवर जातीच्या नावाची पाटी लावावी. अन्न व औषध प्रशासनाने बाजारातल्या बाटल्यांवर वनस्पतीची जात, सिनिओलचे प्रमाण आणि 'पोटात घेऊ नये' ही सूचना मराठीत आहे का ते तपासावे आणि मुलांना न उघडणाऱ्या झाकणाचा आग्रह धरावा. आणि तेल-तंत्रज्ञान शिकवणारे लक्ष्मीनारायण इनोव्हेशन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी (पूर्वीचे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट) व नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग शहरातच असताना, विदर्भातल्या निलगिरीचे तेल नेमके कसे आहे याचा नकाशा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तयार व्हावा: प्रत्येक लागवडीतली किमान पाच झाडे वेगवेगळी, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू, पान कोवळे की जून याची नोंद, तेलाचे प्रमाण वाळलेल्या वजनावर काढलेले आणि घटक गॅस क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) मोजलेले. अनेक झाडांचा पाला एकत्र करून नमुना घेतला तर हा खटाटोप वाया जाईल, कारण सिनिओलचे झाड आणि फेलँड्रीनचे झाड त्यात ओळखू येणार नाही.

आपले,
औषधी वनस्पतींचे अभ्यासक, नागपूर